मागून चढायचं, आई

लाल दोरी मनगटाला अडकवायला तो एखाद्या दिवशी विसरला तर काय होईल, हा विचार गेले पंधरा दिवस माझ्या डोक्यातून जात नाही. भाजी चिरताना येतो, शाळेत फळ्यावर तारीख लिहिताना येतो, आणि सगळं आवरून दिवा मालवायची वेळ झाली की नेमका समोर येऊन बसतो.

तो म्हणजे निकेश, माझा मुलगा. चोवीस वर्षांचा आहे. गोव्यात एका किनाऱ्यावर वॉटर स्कूटर चालवतो. ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांनी साधी स्कूटर डोळ्यांसमोर आणावी. तशीच बैठक, तसंच हँडल, फक्त चाकांच्या जागी समुद्र. सुट्टीला आलेल्या लोकांना मागे बसवून तो लाटांवरून एक फेरी मारून आणतो. ज्यांना स्वतः चालवायची असते त्यांना आधी शिकवतो. ती लाल दोरी पीळदार असते, जुन्या टेलिफोनच्या वायरसारखी. तिचं एक टोक यंत्राच्या बटणात आणि दुसरं चालवणाऱ्याच्या मनगटाला. माणूस पाण्यात पडला की दोरी ओढली जाते आणि इंजिन तिथल्या तिथे बंद होतं. बांधलेलीच नसली तर यंत्र पुढे निघून जातं आणि माणूस मागे राहतो.

तीन वर्षांत तो एकदाही विसरलेला नाही. तसं तोच सांगतो, आणि मला खात्री आहे की ते खरं आहे. तरी मी या दोरीपाशीच येऊन थांबते. खरी काळजी दुसरी असते तेव्हा माझं असंच होतं. खरी काळजी ही की दर रविवारी आठ वाजता येणारा त्याचा फोन गेल्या रविवारी आला नाही, आणि आजही आला नाही. आणि पुढच्या महिन्याच्या आठ तारखेला तो दुबईला चालला आहे.

निकेश पनवेलमध्येच जन्मला, पनवेलमध्येच शिकला. त्याचे बाबा द्रोणागिरीच्या एका गोदामात हिशेबनीस आहेत. मी इथल्या एका हायस्कूलमध्ये मराठी शिकवते. आमच्या बिल्डिंगमध्ये सगळी अशीच नोकरदार माणसं. पण माझं माहेर बेलपाड्याचं. माझे वडील काशिराम मिठागरावर राबायचे आणि होडीतून खाडीपलीकडे मीठ पोचवायचे. आईविना वाढलेली एकुलती एक मुलगी म्हणून मी त्यांच्याबरोबर होडीत असायची. दहा वर्षांची होते तेव्हा बा मला सुकाणू धरायला देत आणि स्वतः विडी पेटवत. मला मिठाच्या राशी ओळीने मागे जाताना अजून दिसतात. पुढे पनवेलला कॉलेजात आले, बी.ए. झाले, 'आमी' आणि 'नाय' म्हणायचं सोडलं, आणि खाडी सुटली ती सुटलीच.

अगदी तुटली मात्र निकेशमुळे. तो सात वर्षांचा असताना मे महिन्यात आम्ही बेलपाड्याला गेलो होतो. ओहोटी लागली होती. बांधाला टेकून बांची रिकामी होडी उभी होती. निकेश धावत गेला आणि होडीच्या कडेवर छाती टेकवून बाजूने वर चढू लागला. आम्ही सगळे तसेच चढत आलो होतो. पण होडीत वजन नव्हतं. ती आधी त्याच्याकडे कलंडली, मग दूर सरकली, आणि तो होडी आणि बांध यांच्या मधल्या गढूळ पाण्यात गेला. मला फक्त त्याचा हात दिसला. बोटं उघडी होती. बांनी उडी टाकून त्याला कॉलरला धरून वर काढलं, उलटा करून पाठीत चापट्या मारल्या, आणि त्याने चिखल ओकला तेव्हा माझ्याकडे बघून म्हणाले, "झाला. खाडीनं वलखला त्याला."

ते हसत होते. मला त्या हसण्याचा राग आला, तो बरीच वर्षं टिकला. त्या दिवसानंतर मी होडीत पाय ठेवला नाही आणि निकेशला पाण्याजवळ जाऊ दिलं नाही. शाळेची सहल किनाऱ्यावर निघाली की त्याला ताप यायचा. म्हणजे मी तशी चिठ्ठी लिहायची.

आठवीत गेल्यावर तो रविवारी गणिताच्या क्लासला जाऊ लागला. गणितात काही फरक पडला नाही. पँटच्या शिवणीत मात्र राखाडी चिखल सापडायचा. पनवेलच्या रस्त्यावर तसला चिखल नाही. तो फक्त खाडीत असतो, आणि वाळला की त्याला मिठाची पांढरी कड येते. मी पँट धुवायची आणि गप्प बसायची. विचारलं असतं तर त्याला माझ्याशी खोटं बोलावं लागलं असतं.

तोवर बांच्या होडीला छोटं इंजिन बसलं होतं. मिठागरं एकामागून एक भरावाखाली चालली होती, मीठ संपत आलं होतं, पण होडी होती आणि नातू होता. बांनी त्याला जे शिकवलं ते मलाही शिकवलं होतं, फक्त माझ्या वेळी इंजिनाऐवजी शीड होतं. किनारा जवळ आला, समोर दुसरी होडी आली, काही शंका वाटली, की पहिल्यांदा इंजिन बंद करायचं. मग नुसतं सुकाणू धरून बसायचं. होडी आपल्या वेगात पुढे जात राहते आणि सुकाणू वळवाल तिकडे वळते. घाई करायची नाही. "हात सैल सोड, होडीला घर म्हायती हाय," असं ते म्हणायचे. निकेशच्या अंगात ते इतकं भिनलं की तो सायकलही तशीच आणायचा. कोपऱ्यावरूनच पायडल मारणं थांबवायचा आणि आमच्या जिन्याशी अलगद येऊन लागायचा.

बी.कॉम. झाल्यावर त्याच्या बाबांनी त्याला द्रोणागिरीलाच एका कचेरीत चिकटवलं. आठ महिने तो बापाबरोबर त्याच बसने गेला, त्याच बसने आला, आणि त्या आठ महिन्यांत त्याचा आवाज असा आमच्या घरात ऐकू आला नाही. मग पंचाण्णव सालच्या दसऱ्यानंतर एका मित्राचं पत्र आलं आणि तो पनवेलच्या स्टँडवरून रात्रीच्या गाडीने गोव्याला गेला. मी डबा दिला, पण स्टँडवर गेले नाही.

तिथे समुद्राचा धंदा ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात लाटा उठतात, यंत्रं ताडपत्रीखाली जातात, मुलं आपापल्या गावी जातात. म्हणजे जूनपासून चार महिने निकेश माझा. इतर बायका मुलांच्या परीक्षांवरून वर्ष मोजतात, मी त्या किनाऱ्यावरून मोजायला लागले. तो येणार म्हटलं की सुकट आणून ठेवायची, त्याची गादी गच्चीवर उन्हात घालायची. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात कुणी नुसतं 'आभाळ आलंय' म्हणालं तरी मला बरं वाटायचं.

पहिल्याच पावसाळ्यात तो आला तेव्हा मी त्याला माळ्यावरून पत्र्याचा डबा काढायला सांगितला. त्याने एकाच हाताने काढला. दुसरा हात खांद्याच्या वर जातच नव्हता. मी विचारलं, तर म्हणाला, "डावा हात रजेवर आहे." मी समोरून हलले नाही, तेव्हा त्याने सांगितलं.

कामाला लागून आठवडाच झाला होता. तो यंत्र घेऊन किनाऱ्याकडे परतत होता. समोर नांगरलेली मासेमारीची होडी आली, बरीच लांब. त्याच्या जागी दुसरा कुणी असता तर घाबरून हात सोडला असता. निकेश घाबरला नव्हता. आजोबांनी शिकवलं होतं तेच त्याने शांतपणे केलं. हँडलवरचा वेगाचा खटका सोडला आणि हँडल वळवलं. हँडल पूर्ण वळलं, पण यंत्र वळलं नाही. ते सरळ गेलं आणि होडीच्या कुशीत आपटलं. हँडलच्या दांड्याने त्याचं गळपट्टीचं हाड मोडलं.

त्या यंत्राला सुकाणू नसतंच. ते खालून पाणी ओढतं आणि मागून जोरात फेकतं. हँडल फिरवलं की त्या धारेचं तोंड फिरतं, म्हणून यंत्र फिरतं. खटका सोडला की धार थांबते. मग हँडल कितीही फिरवा, ते आधी जात होतं तिकडेच जाणार. वळायचं असेल तर थोडा जोर देतच वळावं लागतं. सगळ्यात अवघड तेच, असं तो म्हणाला. समोर काही आलं की हात आपोआप सुटतो, आणि नेमका तेव्हाच सोडायचा नसतो.

सात-आठ महिने त्याने हे माझ्यापासून लपवलं होतं. मी त्याला काही बोलले नाही, सगळा राग घेऊन बेलपाड्याला गेले. बा ओट्यावर जाळं विणत बसले होते. खाडीवर जाणं संपलं होतं, तरी जाळं विणायचे. मी उभ्या उभ्या सांगितलं की तुमच्या शिकवणीने माझा मुलगा मेला असता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, सुई जाळ्यात खोचली आणि म्हणाले, "म्हंजी माजाच चूक." एवढंच. मी परत निघाले तेव्हा त्यांनी मला नेहमीसारखं रस्त्यापर्यंत सोडलं नाही.

निकेशने त्यावर मला एक शब्द सुनावला नाही. त्याचा स्वभाव तसा नाही, तो काहीतरी करून दाखवतो. श्रावणात एका उघडिपीच्या दुपारी त्याने त्याच्या बाबांची स्कूटर बिल्डिंगच्या आवारात स्टँडवर चढवली आणि मला खाली बोलावलं. खांद्यावरच्या पिशवीतून ती लाल दोरी काढली. मालकाने नवी आणल्यावर जुनी याने मागून घेतली होती. माझ्या मनगटाला अडकवली आणि म्हणाला की आज तुला शिकवतो, म्हणजे तुझी भीती जाईल.

पहिली गोष्ट चढण्याची. कमरेएवढ्या पाण्यात यंत्र उभं करायचं, त्याहून उथळ असलं तर ते वाळू ओढतं. इंजिन बंदच हवं. "आणि मागून चढायचं, आई. बाजूने चढलं की कलंडतं." बोलताना तो माझ्याकडे बघत नव्हता. तो बांध, ती रिकामी होडी त्याला आठवत असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मागच्या कठड्याला दोन्ही हात, मग डावा गुडघा, मग उजवा, मग अंग खाली ठेवूनच बैठकीवर सरकायचं. उलटं झालं तर घाबरायचं नाही, कुठल्या बाजूने सुलटं करायचं त्याचा बाण मागे लावलेला असतो, त्याच बाजूने करायचं. लांब केस बांधलेले हवेत. ओढणी, पदर, लोंबणारा बंद काही नको, खालचं तोंड ओढून घेतं.

मग तो पुढे बसला आणि मला मागे बस म्हणाला. मी बसले. नेहमी बसते तशी, दोन्ही पाय एका बाजूला, पदर खोचून. तो मान वळवून बघतच राहिला.

"आई, तिथे अशी बसलीस तर पहिल्याच वळणाला आपण दोघं पाण्यात."

तळमजल्यावरच्या गोदूबाई तांदूळ निवडता निवडता हे सगळं बघत होत्या. त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि विचारलं, "काय हो बाई, स्कूटर तर जागची हलत नाही. मायलेक निघालात कुठे?" निकेश म्हणाला, समुद्रात. गोदूबाई म्हणाल्या, मग जाताना माझी दुधाची पिशवी घेऊन या.

सगळे हसले, मीसुद्धा. पण दोन्हीकडे पाय टाकून बस म्हटल्यावर मी उतरले. नऊवारी असती तर कदाचित बसले असते. पाचवारीत, भर आवारात, पंचेचाळीस वर्षांची मास्तरीण... मी म्हटलं, पुरे झाला खेळ. त्याने दोरी माझ्या मनगटावरून काढली नाही. "राहू दे तुझ्याकडे," म्हणाला. ती फ्रिजमागच्या खिळ्याला अडकवलेली आहे.

त्या डिसेंबरात तो आजोबांना गोव्याला घेऊन गेला. मलाही बोलावलं होतं. मी घटक चाचणीच्या पेपरांचं कारण सांगितलं. पेपर होते, पण ते दोन दिवसांत तपासून होतील इतकेच होते. सत्तरीच्या म्हाताऱ्याला कशाला नेतोस, म्हणून मी भांडलेही. बा स्वतः पनवेलच्या स्टँडवर नवी पांढरी टोपी घालून तासभर आधी येऊन बसले होते.

चार दिवसांनी परत आले ते थेट आमच्याकडे. चहाही घेतला नाही, आधी सांगायला बसले. "मने, ती होडी नायच. ती म्हस हाय. शेपटीकडनं चढायचा, शिंगं धरायची नि टाच मारायची. टाच काढलीस का म्हस आपल्या वाटेनं चालली." मग म्हणाले की मी पोराला अर्धंच शिकवलं होतं, उरलेलं त्याने मला शिकवलं. तिथल्या दोन दिवसांत ते तीनदा समुद्रात गेले. पहिल्या वेळी दोघा पोरांनी त्यांना मागून वर ढकललं, तिसऱ्या वेळी ते आपले आपण चढले. त्याचा फोटो आहे. नारिंगी जाकीट, डोक्याला टोपीऐवजी रुमाल, मनगटाला लाल दोरी. ते पुढे बसलेत आणि निकेश मागे. त्याचे हात आजोबांच्या कमरेशी आहेत, धरलेले नाहीत, नुसते जवळ.

निघताना दाराशी ते मला म्हणाले, "तू जा येकदा. त्याचे मागं बस. पोर पाण्यात कसा दिसतो तुजा, ता तरी बघ." आणि मग, चपला घालताना, खाली बघत, "सुकाणावर तुजा हात त्याच्यापरीस बरा होता."

मी गेले नाही. त्याच्या पुढच्या पावसाळ्यात, श्रावणातच, बा गेले. दोन महिने खोकत होते. डॉक्टरांनी फुप्फुसांचा फोटो दाखवून सांगितलं की पन्नास वर्षांच्या विड्या आहेत या. निकेश घरीच होता. शेवटच्या आठवड्यात तो बेलपाड्याला त्यांच्या खाटेशेजारी जमिनीवर झोपायचा. सरणासाठी लाकडं उतरवताना त्याचा डावा हात वर जात नव्हता, हे मला त्याही दिवशी दिसलं.

त्याच्या कामाबद्दल मला बाहेरून कळलं ते या नाताळात. निकेशच्या बाबांच्या ऑफिसातले लोक गोव्याला गेले होते, त्यात शशिकला वहिनीही होत्या. परत आल्यावर त्यांनी तक्रारच केली. तुमच्या मुलाने आम्हाला अर्धा तास कमरेएवढ्या पाण्यात उभं केलं. प्रत्येकाच्या जाकिटाचे पट्टे स्वतः ओढून बघितले. माझी ओढणी काढून घेतली, वेणीचा अंबाडा बांधायला लावला. आणि साहेबांचे मेहुणे थोडी घेऊन आले होते, तर त्यांना बसवलंच नाही. मालक येऊन चार शब्द बोलला तरी नाही. उलट मालकाला म्हणाला, मग तुम्ही न्या. मी ऐकत होते आणि मला वाटत होतं, त्यांनी अजून सांगावं. तो रोड झालाय का, काळा पडलाय का, हसतो का. त्या मात्र मेहुण्यांबद्दलच बोलत राहिल्या.

आता पंधरा दिवसांपूर्वीचा फोन. रविवार, आठ वाजलेले. त्याने आधी बाबांशी बोलून घेतलं, म्हणजे मला कळायला हवं होतं. मग मला सांगितलं की दुबईला एका हॉटेलच्या किनाऱ्यावर काम मिळालंय, शिकवायचं काम, तीन वर्षांचा करार. आठ मार्चला मुंबईहून विमान. कागदपत्रांसाठी थेट मुंबईलाच जावं लागणार, घरी यायला एखादी रात्र मिळेल न मिळेल. "त्याआधी तू एकदा इथे ये ना, आई. दोनच दिवस."

मी भलतंच विचारलं. म्हटलं, पण पावसाळ्यात येशील ना?

तो म्हणाला, "तिथे पाऊस नसतो, आई."

मला वाटतं मी सगळं ऐकू शकले असते, हे सोडून. जून येणार, आभाळ भरणार, आणि कुठलाच समुद्र बंद होणार नाही. हे मी त्याला सांगायला हवं होतं, की मी तुझी वाट आभाळाकडे बघून बघते. त्याऐवजी माझ्या तोंडून निघालं, "आजोबांना नेलंस, वर्षाच्या आत ते गेले. आता मला न्यायचंय का?"

तिकडे बूथवर कुणीतरी दार वाजवत होतं, तेवढं ऐकू आलं. मग तो म्हणाला, "ठेवतो." आणि ठेवला.

बांना मी ओट्यावर उभी राहून जे बोलले होते, तेच निराळ्या शब्दांत मी त्यालाही बोलले. बा 'माजाच चूक' म्हणाले, आणि मी परत जाऊन त्यांना कधी सांगितलं नाही की तसं नव्हतं. नातवाने सांगितलं, मैलोनमैल नेऊन, पाण्यात बसवून. मला वेळ होता, पुरता वर्षभराचा, आणि बेलपाडा पनवेलपासून किती लांब?

दोन रविवार मी हेच समजून बसले की तो करेल. राग उतरला की करतोच तो. फोन माझ्याकडेही आहे, त्याच्या घरमालकिणीचा नंबर कॅलेंडरवर माझ्याच अक्षरात लिहिलेला आहे. पण मी हात सैल सोडून बसले, होडीला घर माहीत आहे म्हणून. पण निकेशची आता ती होडी नाही, सुकाणू नसलेलं यंत्र आहे. तो आधी जात होता तिकडेच जाईल, सरळ, आठ मार्चला.

मघाशी फ्रिजमागून ती दोरी काढली आणि मनगटाला अडकवली. पीळ थोडे सैल झालेत, मनगटाचा पट्टा मात्र घट्ट आहे. बांनीही अशीच घातली होती.

तो सकाळी सातला किनाऱ्यावर जातो. उद्या साडेसहाला मी त्या घरमालकिणीला फोन करणार आहे आणि निकेशला उठवायला सांगणार आहे. आजोबांबद्दल बोलले ते खोटं होतं, हे आधी सांगेन, तो गप्प राहिला तरी सांगेन. मग सांगेन की शुक्रवारच्या रात्रीच्या गाडीने येते, शनिवारची रजा टाकते. शशिकला वहिनींकडून एक पंजाबी ड्रेस मागून घेईन, ओढणी नको म्हणून. आणि त्याला विचारेन की मागून चढताना आधी कुठला गुडघा टेकवायचा, डावा की उजवा. मला ते पाठ आहे. तरी विचारेन, म्हणजे त्याला पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागेल.